वासे

ऑक्टोबरात न्हाणीघराच्या कोपऱ्यात
मोहरीएवढे ठिपके आले.
नाताळपर्यंत फोडणी उडावी तसे भिंतभर,
आणि शाल्मलीच्या उशीमागे एक लांबट, हिरवट,
कुठल्याच नकाशात नसलेलं बेट.

मिस्टर हॉलरॉइडना फोटो पाठवले, तारखांसकट.
उत्तर आलं, सभ्य, शेवटी आभार मानणारं:
खिडक्या उघड्या ठेवा.
कपडे घरात वाळत घालू नका.
भांड्यावर झाकण ठेवून शिजवा.
ओल ही राहण्याच्या पद्धतीतून येते.
श्वास जरा बेतानं घ्या,
एवढंच लिहायचं राहिलं होतं.

मुकुंद रात्रपाळीहून आलेला, बूट न काढता ऐकत होता.
म्हणाला, तीन माणसांचा श्वास, महिन्याला साडेसातशे पौंड,
आणखी किती हवेत?
मग उठून खिडकी उघडली.
हॅलिफॅक्सचा जानेवारी आत आला
आणि पलंगावर बसला.

मी भाडेकरार काढला. बावीस पानं.
बल्ब माझा. मोरीत अडकलेले केस माझे.
छप्पर त्यांचं, पन्हळ त्यांची, बॉयलर त्यांचा,
बाहेरची भिंत त्यांची.
आतली कुणाची, हे नवव्या पानावर
इतकी वळणं घेत सांगितलंय
की रंग त्यांचा आणि डाग माझा, एवढंच कळलं.
नळाच्या वायसरचं तर नावच नाही.
तीन आठवडे त्या टपटपीत झोपून
शेवटी मी कुकरची जुनी रिंग
कात्रीनं गोल कापून बसवली.

एका शब्दाशी मात्र बराच वेळ अडले.
मराठीत काय म्हणू त्याला? रास्त झीज.
वापरानं होते ती, जिचा दंड नसतो.
सहाणेची. उंबऱ्याची.
माझ्या गुडघ्यांची कुठल्या कलमात धरायची
ते सापडलं नाही.

आई फोनवर म्हणाली,
खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत गं.
आई, खातो ते आमचं आम्ही.
घराचे वेगळे मोजतो, दर एक तारखेला.
त्याच रविवारी शिडी लावली,
तोंडात टॉर्च धरून माळ्यावर चढले
आणि मोजले.
अकरा.
सातव्याला बोट लावलं तर आत गेलं,
चहात बुडालेल्या बिस्किटात जावं तसं.
वर एक कौल सरकलेलं,
त्यातून नाण्याएवढं आभाळ.

म्हणजे आमचा श्वास नव्हता.
तिथेच, धुळीत, गुडघ्यांवर बसून
मी एक श्वास घेतला, मुद्दाम,
पोटभर.

कौन्सिलची बाई आली,
दोन सुयांचं यंत्र भिंतीत रुतवलं. यंत्र किंचाळलं.
मग मार्चात मिस्टर हॉलरॉइड स्वतः आले.
मला वाटलं होतं तसे नव्हते:
सत्तरी उलटलेली, कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं.
शिडीवर चढताना थांबत होते.
उतरले तेव्हा गुडघे काळे झाले होते
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, मला माहीत असतं तर.
मी फोनमधल्या तारखा दाखवल्या नाहीत.
दोघांनाही पाठ होत्या.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले,
धुतले, नळ बंद केला
आणि तसेच उभे राहिले, ओले हात धरून.
हा नळ माझ्या आईच्या वेळेपासून गळायचा, म्हणाले.
कुणी केला?
मी.
हे माझं काम होतं.
हो, मी म्हटलं.

त्यांनी नळाखाली बोट धरलं आणि वाट पाहिली.
मीही पाहिली.
थेंब पडला नाही.
वर, सातव्या वाशाखालच्या बादलीत
तेवढा पडत होता.