काळी रेघ

शेफील्डमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तळघरातल्या फ्रिजांची घरघर चालू.
नव्या मुलाला मी शिकवणीच्या बरणीतली चकती दाखवते:
हा मध्यमेंदू. आणि ही बघ,
भुवईएवढी काळी रेघ.
काजळाचं बोट कुणी इथे पुसलं असावं, तशी.
इथे डोपामिन बनतं.
म्हणजे कप उचलावासा वाटणं
आणि कप उचलणं
यांच्यामधला निरोप्या.

मग शेजारी दुसरी चकती ठेवते, आज सकाळची.
मुलगा म्हणतो, ही स्वच्छ दिसतेय.
हो.
बहुतेक पेशी गेल्या की
इतकं स्वच्छ दिसतं.

मावशी मला दर रविवारी साय-हळद चोळायची,
बारावीपर्यंत.
'जरा उजळली तर बरं.'
मावशी, तुला कसं सांगू,
माणसाच्या आत एक जागा असते,
तिथे उजळलं
की पाय उंबरठ्याला चिकटतात.

सिरिल स्टॅनिफोर्थ असेच दारात अडायचे.
सेहेचाळीस वर्षं सहाणेच्या चाकासमोर बसून
गावभरच्या सुऱ्यांना धार लावलेला माणूस.
ट्रामने यायचे तपासणीला.
मोकळ्यावर चालायचे, दार आलं की गाडं थांबलंच.
मी कॉरिडॉरभर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या, हात हात अंतरावर,
तर टांगा टाकत गेले पार टोकापर्यंत,
आणि तिकडून ओरडले,
'पोरी, बाकीच्या जगात कोण लावणार?'

दर नाताळाला त्यांचं कार्ड.
पहिल्या वर्षी अक्षर हरभऱ्याएवढं,
मग मोहरी,
मग खसखस.
शेवटचं मी मायक्रोस्कोपखाली धरून वाचलं.
'याहून बारीक लिहून दाखवू? लाव पैज.'

एकदा त्यांनी सुरी आणली, स्वतः घासलेली.
सुरी फुकट दिली तर मैत्री तुटते म्हणतात इथे,
म्हणून माझ्याकडून एक पेनी मागून घेतली.
ती खिशात जाईना.
कोटाच्या बटणावर टिकटिक, टिकटिक,
कितीतरी वेळ.
मी दुसरीकडे बघत होते.
चुकलंच. बघायला हवं होतं, तेच तर माझं काम.
त्या सुरीने मी कैऱ्या चिरते,
लेस्टरहून कुणी आणल्या तर.

आजच्या कागदावर नाव नाही.
आकडा, वय, मृत्यूनंतरचे तास: अकरा.
आकडा मला पाठ आहे.
देहदानाच्या फॉर्मवर त्यांनी माझ्यासमोरच सही केली होती,
मुंगीच्या पायाएवढी,
आणि विचारलं होतं,
'तूच कापशील ना? धार तेवढी बघून घे.'

घेतली बघून.
माझा हात जराही हलला नाही.
एवढं एक मला अजून गिळता येत नाही.

रंग चढायला तीन आठवडे जातील.
मग उरल्यासुरल्या पेशींत दिसतील
ते गुलाबी गोळे, भोवती फिकट कडं,
चंद्राला खळं पडतं तसं.
आमच्याकडे म्हातारी माणसं खळं बघून पावसाचा अंदाज बांधतात.
मला बांधता येत नाही.
गोळ्याने पेशी मारली,
की मरता मरता पेशीनेच
सगळा कचरा एका जागी गोळा करून ठेवला,
घर सोडताना केर काढून ठेवावा तसा?
बारा वर्षं हेच विचारतेय.
निधी तीन-तीन वर्षांचा मिळतो.

मुलगा हातमोजे काढत विचारतो, कोणाची होती ही?
मी आकडा सांगते.
तो लिहून घेतो, टपोऱ्या अक्षरात,
ओळीच्या बाहेर जात.

पिवळ्या पट्ट्या अजून आहेत.
कडा सुटल्यात, दोन तर गायबच.
सफाईवाल्या ब्रेंडाने मागच्या महिन्यात विचारलं होतं, खरवडू का?
मी म्हटलं होतं, राहू दे, माणसं येतात.
येतात. मंगळवारी तिघं आहेत.
कपाटातून चिकटपट्टीचं नवं रीळ काढते,
टोक सापडत नाही,
नखाने शोधत बसते.