पान बासष्टची तळटीप

अप्पा बळवंत चौकात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पंख्यापेक्षा प्रिंटरचा आवाज मोठा,
मी तुर्की कथांची प्रुफं तपासते.
तुर्की मला येत नाही. बेहेरेबाईंनाही नाही,
त्यांनी इंग्रजीवरून आणल्यात,
दोन वर्षं, गुडघे सांभाळत.

कुठलीही कथा काढा, खेड्यातला माणूस शहरात येतो
आणि उभा राहतो.
कचेरीच्या दारात, दवाखान्याच्या दारात,
चुरगळलेली टोपी हातात.
शहरातला माणूस बसलेला असतो.
बसूनच सगळं बघतो: बुटांवरचा चिखल,
तंबाखूची डबी, रापलेली मान.
लिहिणाराही, मला वाटतं, आतच बसलाय,
बारीक कंबरेच्या पेल्यातून चहा पीत.

पान बासष्टवर तो दही घेऊन येतो
इंजिनिअरच्या घरी,
रात्रभर बसमध्ये भांडं मांडीवर धरून.
बाई साखळी न काढता दार उघडते, फटीतून भांडं घेते.
'साहेब झोपलेत.' कथा संपते.
बेहेरेबाईंनी त्याला बावीस वेळा 'खेडूत' म्हटलंय.
नाव एकदाच येतं: दुर्मुश.
खाली बारीक टायपात:
'अर्थ, थांबलेला. आधीची मुलं दगावली तर
हे तरी थांबावं म्हणून ठेवतात.'

किरण ऑपरेटर. दुरुस्त्या घेता घेता
त्याचा की-बोर्ड गप्प झाला.
'बाई, भांडं परत दिलं का तिनं?'
म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.
'म्हणजे राहिलंच. आमच्या आईनं जीव घेतला असता.'

मग बऱ्याच वेळानं, पडद्याकडे बघतच,
'माझ्या आधी दोन गेले.
मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला,
मावशीनं उचलला. म्हणून केरू.
केरू बबन सणस, मुक्काम पासली, तालुका वेल्हे.
इथं पहिल्या दिवशी मालक म्हणाले,
केरू काय, किरण म्हणू. जवळचंच आहे.'

सहा वर्षं मी त्याला किरण म्हणते.
दिवाळीनंतर तो इंद्रायणी तांदूळ आणतो.
दोन डबे अजून माझ्या ओट्याखाली,
रिकामे कसे परत करायचे, म्हणून राहिलेत.
झाकणावर कोरलंय: केरू.
मला वाटायचं, आजोबांचं असेल.

दुपारभर खोडत बसले. खेडूत. खेडूत.
समासात दुर्मुश, दुर्मुश.
एके ठिकाणी हात चुकला, त्याचं नावच खोडलं गेलं.
खोडलेलं परत हवं असेल तर आम्ही
खाली टिंबं देतो. म्हणजे, असू द्या.
चार-पाच टिंबं दिली.

मग हाक मारली, 'केरू.'
तो माझ्याकडे वळलाच नाही.
पटकन उठून दाराकडे बघायला लागला,
गावाकडचं कुणी आलंय का.