आकस्मिक खर्च

लेखा विभागाचं पत्र आलंय, जावक क्रमांक सातशे बारा:
सोबतची एकोणीस बसतिकिटे वाचता येत नाहीत,
सबब आकस्मिक खर्चाची मागणी अमान्य.

खरंच आहे.
एसटीच्या मशीनमधून निघालेली तिकिटं
चार महिन्यांत पांढरीफटक पडतात.
फाइल सात महिने एकाच टेबलावर होती,
खैरनार भाऊसाहेबांच्या, पंख्याखाली,
उडू नये म्हणून वर गोदेतला एक गुळगुळीत गोटा.

माझ्या प्रबंधाचं नाव अडीच ओळींचं आहे.
थोडक्यात, तिसरीतल्या मुलांना वाचता का येत नाही
हे मी बघते.
त्यासाठी शिष्यवृत्ती मंजूर आहे.
मंजूर असणं आणि खात्यावर असणं
यांच्या मधोमध एक उपयोगिता प्रमाणपत्र बसलेलं असतं.
ते मिळतं पहिला हप्ता खर्च केल्यावर
आणि पहिला हप्ता

असो.

तोवर सकाळी गंगापूर रोडला, बी.एड.च्या वर्गावर,
तासिका तत्त्वाने 'मूल्यमापनाची तंत्रे'.
मानधन दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते विचारायचं नाही.
दुपारी वडनेरे मॅडमच्या प्रकल्पात सहायक,
म्हणजे दोन हजार प्रश्नावल्या संगणकात भरायच्या:
पूर्णतः सहमत पाच, असहमत दोन,
सांगता येत नाही तीन.
मॅडम चांगल्या आहेत.
एप्रिलमध्ये स्वतःच्या पर्समधून तीन हजार काढून दिले,
म्हणाल्या, लिहून ठेवू नकोस.
मी लिहून ठेवले.

कॅनडा कॉर्नरच्या खोलीत माझ्यासोबत राहते
ती प्राजक्ता ठुबे, रसायनशास्त्राची.
तिच्या प्रयोगशाळेत अठरा लाखांचं यंत्र आहे,
यंत्राच्या मागोमाग निधी येतो,
निधीच्या मागोमाग माणसं.
माझं यंत्र म्हणजे एक घड्याळ, एक वही
आणि समोर बसलेलं मूल.
आई फोनवर विचारते, पगार झाला का?
आधी मी दुरुस्त करायचे.

गुरुवारी हर्सूल. जुन्या सीबीएसवरून सहा चाळीसची बस,
पुढे दोन किलोमीटर पायी.
चाचणीत एक चित्र आहे, कणसाचं.
उत्तरसूचीत: नाचणी.
रोहिदास भोये म्हणाला, नागली.
सूचीप्रमाणे शून्य.
मी पेन टेकवलं, उचललं,
समासात लिहिलं: मूल बरोबर, सूची तपासा.
या वाक्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

मधल्या सुट्टीत माझ्या पिशवीतून
परत आलेली फाइल डोकावत होती.
त्यानं एक तिकीट उपसलं, उलटंपालटं केलं.
हाच तो मुलगा, मिनिटाला अकरा शब्द,
जोडाक्षर आलं की खिडकीबाहेर बघणारा.
कोऱ्या कागदावर बोट ठेवून
न अडखळता वाचायला लागला:
नाशिक ते हर्सूल. बाई एक. हाफ तिकीट,
बायांना हाफच असतं.
घाटात बाईला मळमळलं.
बाईने कुणाला सांगितलं नाही.

तुला कसं कळलं रे?
घाटात सगळ्यांनाच होतं, तो म्हणाला,
आणि पुढचं तिकीट घेतलं.
एकोणीसच्या एकोणीस वाचली त्यानं.
घड्याळ लावायचं मला सुचलं नाही.

रात्री उत्तराचा मसुदा केला:
महोदय, संदर्भीय पत्रास अनुसरून कळवण्यात येते की
तिकिटे वाचता येतात.
वाचक: रोहिदास भोये, इयत्ता तिसरी.
प्राजक्ता म्हणाली, पाठव की. हसली.
मी पाठवलं नाही. पुसलंही नाही.

पुढच्या गुरुवारपासून
उतरल्याबरोबर तिकिटाची झेरॉक्स काढायची,
स्टँडसमोरच्या टपरीवर, दोन रुपये.
दोन रुपयांची पावती
तो देत नाही.