अर्ज क्रमांक चौदा

शारजा, रोलाच्या मागची गल्ली.
बाबांच्या टायपिंग सेंटरात एसी गळतो,
खाली श्रीखंडाचा रिकामा डबा.

तेरा फर्मना पाठवून झालं.
चार नकार, बाकीच्या गप्प.
चौदावीचा फॉर्म विचारतो:
कुटुंबात कुणी कायद्याच्या क्षेत्रात?
'नाही'वर खूण करते.

शेजारी बाबा
एका सुताराचा थकलेला पगार
उजवीकडून डावीकडे अरबीत उतरवतायत.
मध्येच थांबतात,
"महिने पाच की साडेपाच? नीट आठव."
तो बोटं मोजतो, ओठ हलतात.
बाबा आकडा बदलतात,
मग खालची बेरीज,
मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतात
त्याला, त्याच्या हिंदीत.

खूण काढते. चौकट तशीच रिकामी.

"ट्रेनीला पगार असतो ना गं?"
"असतो म्हणे."
मान वर न करता बाबा,
"लेखी घे."