रीडिंग

आमच्या इंदुरात बायपास म्हटलं की आधी रस्ता,
गावाला वळसा घालून जाणारा.
बाबा म्हणाले, चला, आता आपल्या आतही एक.
आम्ही हसलो. श्रीरंगने फॉर्मवर सही केली
न वाचता.

पाचव्या दिवशी टाक्यांतून पाणी आलं.
आधी थेंबभर, गुलाबीसर,
मग दर तासाला नवी पट्टी.
डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, दोन कळले,
तिसरा आईने विचारला नाही.
छाती पुन्हा उघडली.

त्यानंतर बाबा कुठेतरी निघून गेले.
डोळे उघडे, मनगटं पलंगाला मऊ पट्ट्यांनी बांधलेली,
नजर मॉनिटरवर.
"लिखो. एक सौ बारा. मल्हारगंज, गली तीन,
मकान किबे का."
एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून
मीटर वाचलेला माणूस.
सिस्टर रुखसार म्हणायची, "हां अंकल, लिख लिया,"
आणि खरंच लिहायची, चार्टवर,
एकशे बारा.

मला म्हणाले, "मॅडम, कुत्ता बाँध लीजिए."
मी म्हटलं, बांधलाय.
"पक्का?"
पक्का.
मग जरा शांत झोपले.
मी बाहेर येऊन आईला सांगितलं, बोलले माझ्याशी.
काय बोलले, ते नाही सांगितलं.

आत्या रोज सकाळी पोहे आणायची,
शेव वेगळ्या पुडीत, मऊ पडू नये म्हणून.
पोहे वॉर्डबॉय खायचे. शेवेच्या पुड्या
माझ्या पर्समध्ये साठत गेल्या,
बिलांच्या, पावत्यांच्या, मोडलेल्या एफडीच्या कागदांच्या मध्ये.
श्रीरंग जिन्यात बसून पुण्याच्या ऑफिसशी इंग्रजीत बोलायचा
आणि फोन ठेवला की
तिथेच भिंतीला डोकं टेकायचा.
आम्ही एकमेकांना विचारलं नाही, तू जेवलास का.
फक्त क्रिएटिनिन किती, एवढंच.

लहानपणी बाबांनी शिकवलं होतं,
घरातलं सगळं बंद कर, पंखा, दिवे, इस्त्री,
मग मीटरसमोर उभी राहा.
चकरीवरची लाल खूण फिरत असेल अजून,
तर समज, कुठेतरी गळती आहे.
मी श्वास रोखून बघायचे.
ती खूण यायची नाही
तेव्हा किती आनंद व्हायचा त्यांना,
जणू घर परीक्षेत पास झालं.

एक्केचाळिसाव्या दिवशी घरी आणलं.
हृदय तीस टक्के चालतं म्हणाले. उरलेल्या सत्तरांचं काय करायचं
ते कुणी सांगितलं नाही.
दिवसाला पाणी एक लिटर, बाटलीवर रेघा.
सकाळी वजन. पायावर अंगठा दाबायचा,
खळगा भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

एकदा पाय रात्रीत टम्म सुजले.
श्रीरंग ओरडला, कुणी दिलं पाणी, कुणी?
आई भांडी घासत होती. वळली नाही.
"तहान लागली म्हणाला माणूस," म्हणाली.
नळ वाहत राहिला.

आता बाबा स्वतःच लिहितात जुन्या डायरीत,
आकडे थरथरतात, रकाने सरळ.
काल रात्री मला हाक मारली,
नावाने.
म्हणाले, सगळं बंद कर गं.
मी बंद केलं. खुर्ची मीटरपाशी नेली.
नव्या मीटरला चकरी नसते,
एक बारीक लाल दिवा असतो.
त्यांना नीट दिसत नाही आता इतकं लांबचं.
"लुकलुकतोय का?"
हो, बाबा.
बराच वेळ गप्प राहिले. एक हात छातीवर,
तारांनी शिवलेल्या हाडावर.
"असू दे," म्हणाले, "एवढं चालतं."

आईने फ्रिज बंद केलाच नव्हता,
दूध नासेल म्हणून.
मला माहीत होतं.