आधीच चालू

शेवटी भांडण एका शब्दावर आलं.
चालू की बंद.

ऑर्हुसमधल्या त्या खोलीत आम्ही सहाजण,
दालचिनीचे पाव, गार झालेली कॉफी
आणि मधोमध आमचं कानामागचं यंत्र,
काजूएवढं, काजूसारखंच वाकडं.
येप्पेनं त्यात नवी करामत घातलेली:
वारा ओळखायचा आणि पुसून टाकायचा.
अजून कच्ची होती.
कधी वाऱ्याबरोबर माणसांचे 'स' आणि 'फ'ही जायचे.

येप्पे म्हणाला, बंद ठेवलं
तर चौथ्या पानाच्या तळाशी कुजत पडेल.
मागच्या वर्षीचं आठवा. अकरा जणांनी चालू केलं,
त्यातले सात आपणच.
मी म्हणाले, निदान विचारू तरी.
विचारलं की माणसं घाबरतात, तो म्हणाला,
आणि घाबरली की 'नाही' दाबतात.
खरंच होतं. मीही दाबते,
बँकेच्या, दवाखान्याच्या, समोर येईल त्या चौकटीला.

चार विरुद्ध दोन.
कळफलक माझ्यापुढं होता, म्हणून
विरोधात वर केलेल्या त्याच हातानं
मी शून्य खोडून एक लिहिला.

मार्चमध्ये एस्बियर्गच्या एका पोस्टमनची चिठ्ठी आली.
सायकलवर मागं बसलेली नात
सगळा रस्ता गुणगुणत असते,
हे त्याला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं.
'मला विचारलं असतंत,' खाली लिहिलं होतं,
'तर मी नकोच म्हटलं असतं.'
येप्पेनं ती चिठ्ठी भिंतीला चिकटवली.
मी काही बोलले नाही.

मग फेरो बेटांवरून पाकीट आलं.
निळी शाई, हात थोडा कापलेला.
सुन्नुवा, वय एकोणऐंशी.

'तीन आठवडे झाले, इथला वारा पडलाय.
असं आमच्याकडे कधी झालं नाही.
पण गवत आडवं होतं.
दोरीवरची चादर फुगते, मुकाट्यानं.
मेंढ्या भिंतीच्या आडोशाला जातात, कशाला कोण जाणे.
मला वाटलं, वय झालं की असंच होत असेल,
एकेक गोष्ट न सांगता उठून जात असेल.
आधी नवरा गेला, मग नाकाचा वास,
आता वारा.
तक्रार नाही. यंत्र छान आहे.
एवढंच विचारायचं होतं,
तुमच्याकडे वाहतो का?'

येप्पेनं ते दोनदा वाचलं
आणि उगीचच खिडकी उघडली.

आमच्या तक्त्यात त्या रकान्याचं नाव आहे गृहीत मूल्य.
रोज वाचते मी ते.
काय काय गृहीत धरलं होतं आम्ही?
की गोंगाट कुणालाच नको असतो.
की गोंगाट कशाला म्हणायचं हे आम्हाला कळतं.
आणि काही हरवलं तर माणूस
आमच्या नावानं बोटं मोडेल,
स्वतःच्या वयाच्या नाही.

मी फोन केला. मेनू, खाली, अजून खाली,
तो वाऱ्याचा ढग दिसतोय ना, त्यावर बोट.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग: 'शी! काय घाणेरडा वारा सुटलाय!'
आणि मग, 'ठेवू नकोस गं फोन. थांब जरा.'
मी थांबले. माझ्या कानाला नुसती खरखर.
शेवटी तिनंच विचारलं,
'रविवारी चर्चची टेकडी चढताना
ते परत लावायचं कसं?'

आता बंद येतं, आणि एकदा विचारतो.
त्या एका प्रश्नाच्या वाक्यावर पंधरा दिवस भांडलो,
अजूनही ते मला आवडलेलं नाही.
बरेचजण 'नाही' दाबतात, येप्पे म्हणाला होता तसंच.
त्यांतल्या कुणाच्या सायकलवर मागं
कोण काय गुणगुणतंय,
ते आम्हाला कळायचं नाही.