बिनकामाचं वजन

भाऊ म्हणाला होता, पुढच्या अंगाला उगाच चार किलो ओझं,
ते फिरवण्यातच इंजिन दमतं.
त्यानंच काढला पंखा, तेवीस वर्षांपूर्वी,
विजेवरचा नवा बसवला, शीळ घालत,
आणि पुढे घर विकून स्पेनला गेला.
गाडी माझ्याकडे राहिली. ट्रायम्फ, पांढरी, दोनच माणसांची.
तिच्या खोडी ठाऊक असलेलं आता इथे कुणी नाही.

जुलैत कॉव्हेन्ट्रीच्या रिंग रोडवर,
जिथे सिग्नलसुद्धा नाही, तिथे नुसती गाड्यांची रांग,
काटा उजव्या कडेला टेकला तेव्हा
नवा पंखा गप्प उभा होता.
बोटभर वायर वितळलेली, बस, एवढंच.
मी हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या
आणि भर उन्हाळ्यात पायाशी भट्टी घेऊन
घरी आले.

जुना सापडला माळ्यावर,
नाताळच्या झिरमिळ्यांच्या खोक्यात.
पिवळी पाती, एका पात्यावर कोळ्याचा संसार.
"टाकू नये" असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं.
तरी कुणी टाकला नव्हता.

शनिवारी पार्जिटर आले, कोपऱ्यावरच्या घरातले.
कॅनलीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं,
त्यातली सहा नुसते पंखे बसवण्यात.
आल्या आल्या बॉनेटकडे पाहिलंही नाही.
कलिंगड पारखावं तसा पंखा मांडीवर घेऊन
एकेक पातं टिचकीनं वाजवलं, कान लावला.
"तडा नाही," म्हणाले. "चहा ठेव."

रेडिएटर बाहेर. हिरवं पाणी बादलीत.
आत हात घालायला जागा किती?
उंदरानं अंग चोरून जावं इतकी.
त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो,
बोल्ट भोकापर्यंत जातो आणि दारातून परत फिरतो.
तीनदा असं झालं. मग ते स्टुलावर बसले,
काही घडलंच नाही अशा आवाजात सांगू लागले:
आधी बोटांनी. पाना नंतर.
अडलं तर जोर नको, उलटं फिरव, पुन्हा लाव.
समोरासमोरचे आवळ, शेजारशेजारचे नको.
"घट्ट म्हणजे किती?"
"घट्ट म्हणजे घट्ट. मग श्वास घ्यायचा. मग अजून पाव फेरा."

मधल्या चकतीवर रंगाचा हिरवा ठिपका होता,
तपासणाऱ्यानं लावलेला, पन्नास वर्षं जुना.
मी विचारलं, तुमचा?
त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खूप वेळ पाहिलं.
"नाही. आमच्या पाळीचा निळा.
हिरवा नॉरिसचा. एक नंबरचा कामचुकार."
आणि जरा वेळानं,
"हा मात्र नीट लावलाय त्यानं."

"भावाला सांग," ते म्हणाले, "ओझं नव्हतं ते.
एवढा लांब दांडा फिरतो, त्याच्या अंगातून एक कंप जातो,
तो हे वजन पिऊन टाकतं.
वजन काढलं की कंप दुसरीकडे जाऊन बसतो.
कुठे, ते दांडा तुटला की कळतं.
इंजिनिअर लोक काही म्हणोत. आम्ही असं म्हणायचो."
कप त्यांनी दोन्ही हातांनी खाली ठेवला,
तरी बशी वाजली.
मी पाना शोधत राहिले. पाना माझ्या हातातच होता.

साडेचारला चावी फिरवली.
आधी खोकला, मग घरघर, मग एकसंध घुमणं.
विजेच्या पंख्यासारखी याला आज्ञा लागत नाही,
इंजिन फिरतंय तोवर हा फिरणार,
थंडीत, गरज नसतानाही,
आणि त्यासाठी पेट्रोल जरा जास्त खाणार.
पार्जिटरनी खिशातली औषधांची यादी काढली,
पुढच्या जाळीसमोर धरली आणि सोडून दिली.
कागद जाळीला चिकटला.
हलला नाही.

एक वॉशर उरला.
आम्ही दोघांनी पाहिला, दोघंही काही बोललो नाही.
तो खिडकीत आहे.
भावाला अजून फोन केलेला नाही.